मूत्राशय राखून गाठ काढताना

लघवीतून कसलीही वेदना न होता रक्त जाणे, हे ज्याचे पहिले आणि पुष्कळदा एकमेव लक्षण असते, त्या मूत्राशयाच्या कर्करोगात गाठ पिशवीच्या आतल्या अस्तरापुरती असेल, आणि निदानाच्या वेळी चारांपैकी सुमारे तिघा रुग्णांत ती तशी असते, तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती खरवडून काढता येते. परंतु तिची मुळे एकदा स्नायूच्या थरात उतरली, की सबंध मूत्राशयच काढून टाकावा, हा शस्त्रवैद्यांचा दंडक पुष्कळ अंशी आजही कायम आहे. मग लहान आतड्याच्या तुकड्याची एक तर नवी पिशवी करावयाची, नाही तर त्याचे तोंड पोटाच्या कातडीला आणून जोडावयाचे आणि रुग्णाने जन्मभर पोटावर थैली वागवावयाची. जीव वाचतो, हे खरे, पण एस्. टी.च्या प्रवासाला निघताना, पंक्तीत मांडी घालून बसताना, रात्री कूस बदलताना त्या थैलीची आठवण ज्याला ठेवावी लागते, त्याच्या मनाचा विचार वैद्यकाने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

गाठीपुरता भाग कापून उरलेली पिशवी शिवण्याची तजवीज जुनीच आहे. रुग्णांची पारख न करता ती सर्रास वापरली गेली, रोग वारंवार उलटला आणि ती बदनाम झाली. 2000 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘दा विंची’ या यंत्राला मंजुरी दिल्यावर तिच्याकडे पुन्हा लक्ष वळले. या यंत्राला रोबो म्हणतात खरे, पण ते आपल्या मर्जीने काहीच करीत नाही. शस्त्रवैद्य काही पावले दूर बसून बोटे हलवितो आणि त्याच्या हाताचा कंप गाळून, मनगटासारखी वळणारी बारीक हत्यारे पोटाच्या आत त्याबरहुकूम हलतात.

या शस्त्रक्रियेतील एक क्षण मला विशेष मोलाचा वाटतो. मूत्राशयाच्या बाहेरून गाठ दिसत नाही. म्हणून एक सहकारी मूत्रमार्गातून दुर्बीण आत नेतो, पोटातल्या रोबोच्या कॅमेऱ्याचा उजेड मंद केला जातो आणि त्या अंधारात मूत्राशयाची भिंत आतून कंदिलाच्या काचेसारखी उजळते. त्या प्रकाशाच्या आधाराने गाठीभोवती एक-दोन सेंटिमीटर निरोगी भाग धरून छेदाची रेषा आखतात. गाठ निघताच ती पिशवीत बंद करून बाहेर काढतात, कारण कर्कपेशी पोटात सांडल्या, तर तेथेच त्या रुजण्याची भीती असते. मग भिंत विरघळणाऱ्या दोऱ्याने दोन थरांत शिवतात.

परिणामांचा हिशेब मात्र सावधपणे मांडावा लागतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने 2004 साली, रोबोवाचून शस्त्रक्रिया झालेल्या, पारखून घेतलेल्या 58 रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतील 74 टक्क्यांचा मूत्राशय टिकला होता आणि पाच वर्षे जगण्याचे प्रमाण 69 टक्के होते. सबंध मूत्राशय काढण्याच्या बाबतीत अमेरिकेतील 15 केंद्रांतील 350 रुग्णांची चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली, तीत दोन वर्षे रोग न बळावता राहिलेले रुग्ण रोबोच्या गटात 72.3 टक्के, तर खुल्या शस्त्रक्रियेच्या गटात 71.6 टक्के निघाले. म्हणजे कर्करोगावर रोबोची हुकमत अधिक चालत नाही. रक्त कमी जाते आणि जखम लहान राहते, हा त्याचा खरा उपकार. मूत्राशय राखणाऱ्या रोबो-शस्त्रक्रियेचे अहवाल अद्याप बहुतांशी लहान आहेत, आणि त्यांतील यशाचे श्रेय यंत्रापेक्षा निवडीला अधिक द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे: गाठ एकच हवी, शक्यतो मूत्राशयाच्या माथ्यावर, मूत्रवाहिन्यांच्या तोंडापासून दूर, आणि अस्तरात अन्यत्र रोगाचा मागमूस नको. असे रुग्ण दहांत एखादा, किंबहुना त्याहूनही कमी.

याचे कारण रोगाच्या उगमातच आहे. 1895 साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत ही गाठ ओळखली. आज विडी-सिगारेट हे तिचे सर्वांत मोठे कारण आहे. धुरातील विषे मूत्रपिंडातून गाळली जाऊन तासन्‌तास पिशवीत साचून राहतात आणि सगळ्याच अस्तराला भिडतात. म्हणून कॅथेटर निघून रुग्ण घरी गेला, तरी पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी तो दुर्बिणीच्या तपासणीला दाखल होतो, आणि वैद्य जुन्या व्रणापासून सुरुवात करून, कोठे मखमलीसारखा लालसर डाग उमटला आहे काय, हे कोपरा न् कोपरा पाहून घेतो.