भावी डॉक्टरांना मानसशास्त्राचा पेपर

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण हे पदवीनंतरचे शिक्षण आहे, आणि तेथील बहुतेक सर्व वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी ‘एमकॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस’ या संस्थेतर्फे घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्र यांवर आधारलेला स्वतंत्र विभाग आला. भारतातील ‘नीट’मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र एवढेच विषय असल्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांना हा विभाग काहीसा परका वाटणे स्वाभाविक आहे; तथापि त्यामागचा विचार रास्त आहे. मधुमेहाचा रुग्ण औषध वेळेवर घेतो की नाही, हे त्याच्या सवयी, मिळकत, घरचा आधार आणि डॉक्टरवरचा विश्वास यांवरही ठरते, आणि हे ज्याला उमगत नाही त्याचे निदान अचूक असूनही उपचार अपुरे पडतात.

या विभागात ९५ मिनिटांत ५९ प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी ४४ प्रश्न दहा उताऱ्यांवर आधारलेले असतात, तर १५ सुटे असतात. साधारण ६५ टक्के भाग मानसशास्त्राचा, ३० टक्के समाजशास्त्राचा आणि उरलेला जीवशास्त्राचा असतो. गुण ११८ ते १३२ या श्रेणीत दिले जातात.

गणिते नाहीत, रासायनिक समीकरणे नाहीत, म्हणून हा विभाग सोपा आहे आणि संज्ञांची यादी पाठ केली की भागेल, असा समज विद्यार्थ्यांत सहज रुजतो. तो घातक आहे, कारण प्रश्न व्याख्या विचारत नाही. तो एक प्रसंग समोर ठेवतो आणि त्यात कोणती संकल्पना दडली आहे ते ओळखायला लावतो. ‘ऋण प्रबलन’ ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण ठरते. प्रबलन म्हणजे एखादे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढवणारा परिणाम, आणि येथे ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, तर वजाबाकीतल्या चिन्हाप्रमाणे काहीतरी काढून घेणे. डोके दुखत असताना गोळी घेतली, दुखणे थांबले आणि पुढच्या वेळी हात आपोआप गोळीकडे गेला, तर नकोशी वेदना दूर झाल्यामुळे गोळी घेण्याचे वर्तन बळावले. हेच ऋण प्रबलन. शिक्षेने याउलट वर्तन कमी होते. ‘ऋण’ हा शब्द दिसताच शिक्षेचा पर्याय निवडणारा विद्यार्थी व्याख्या घोकूनही फसतो, म्हणून ‘वर्तन वाढले की घटले’ आणि ‘काही दिले की काढून घेतले’ हे दोन प्रश्न क्रमाने विचारण्याची सवय व्याख्येपेक्षा मोलाची आहे. पूर्वग्रह आणि भेदभाव या जोडीचेही तसेच आहे: पहिला मनातला ग्रह, दुसरी प्रत्यक्ष कृती.

उताऱ्यांमध्ये बहुधा एखाद्या संशोधनाचे वर्णन असते, आणि तेथे स्मरणापेक्षा विवेक लागतो. कमी झोपणाऱ्या लोकांत नैराश्य अधिक आढळले, एवढ्यावरून अपुऱ्या झोपेमुळे नैराश्य येते असे म्हणता येत नाही, कारण नैराश्यामुळेही झोप उडू शकते किंवा दोन्हींमागे आर्थिक विवंचना असू शकते. दोन गोष्टी सोबत आढळणे म्हणजे सहसंबंध, आणि एकीमुळे दुसरी घडणे म्हणजे कार्यकारणभाव. संशोधकाने सहभागींना यदृच्छेने गटांत विभागून एखादी गोष्ट स्वतः बदलली होती की नुसते निरीक्षण केले होते, हे उताऱ्यात आधी शोधले पाहिजे.

अभ्यास कसा करावा, याचे उत्तर सुदैवाने या विषयातच आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक शब्दावयव स्वतः पाठ करून १८८५ मध्ये दाखवले, की शिकलेल्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते, हेही त्यालाच दिसून आले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, उतारा वारंवार वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर पुस्तक मिटून स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले. रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करत केलेल्या वाचनाने ‘येते आहे’ असे वाटते, पण ते वाटणेच फसवे असते. त्यापेक्षा एका बाजूला संज्ञा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः रचलेला प्रसंग लिहिलेली चिठ्ठी दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा हाती घेणे अधिक फलदायी ठरते.

हा विभाग परीक्षेत सर्वांत शेवटी येतो, सुट्या धरून सुमारे साडेपाच तास उलटल्यावर. त्यामुळे तो एकटाच ताज्या डोक्याने सोडवून मिळालेले गुण खरे मानू नयेत. पूर्ण सराव परीक्षा सकाळपासून सलग द्याव्यात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने थकवा आला तरी एकही प्रश्न कोरा सोडू नये.