पंखा फिरतो, पण हवा वाहते का?



आपला धंदा मोजमापाचा आहे. उसाची गाडी आली की आधी वजनकाटा, ऊस गाळला की रसाचा ब्रिक्स आणि पोल, साखर झाली की पोत्यागणिक वजन. काट्यात थोडा फरक पडला तरी सभासद जाब विचारतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण जिच्यावाचून ना बॉयलर पेटत, ना माणूस जगत, ती हवा मात्र आपण सहसा मोजत नाही. पंखा गरगरतोय ना, मग हवा असणारच, असे धरून चालतो. या लेखात आम्ही हवा मोजण्याच्या साधनांची ओळख करून देत आहोत. सांगायची गोष्ट एकच आहे. पंखा फिरणे वेगळे आणि हवा वाहणे वेगळे. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो.

धामणकर नाक्याचा धडा

हा फरक समजून घेण्यासाठी साखर बाजूला ठेवून जरा कापडाकडे वळू. भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास यंत्रमागाचे गाळे दाटीने आहेत. मागावर सूत कोरडे पडले की तुटते, आणि वाऱ्याचा झोत आला की तंतू उडतात. म्हणून अशा गाळ्यांत खिडक्या बंद ठेवण्याकडे कल असतो. छताला पंखे लावलेले असतात आणि त्यांच्या वाऱ्याने अंगावरचा घाम वाळतो. पण छताचा पंखा आतलीच हवा आतल्या आत ढवळतो. तीच धूळ, तोच दमटपणा पुन्हा नाकातोंडात जातो. जुनी हवा बाहेर आणि ताजी हवा आत, असा व्यवहार झाला तरच त्याला वायुवीजन म्हणायचे.

काही ठिकाणी भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवतात, पण हवा आत यायला वाटच ठेवत नाहीत. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते, दुसरे भोक पाडले की धार लागते. खोलीचेही तसेच आहे. उलट पंख्याशेजारचीच खिडकी उघडी असली तर पंखा त्या खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकतो आणि पलीकडच्या कोपऱ्यात काम करणारा तसाच गुदमरतो.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. पिंजण आणि सूतकताईच्या खात्यांत तो जास्त आढळतो. सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, ही त्याची जुनी ओळखीची खूण आहे. आपण म्हणाल, आपला काय संबंध? संबंध आहे. साठवून बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीनेही फुप्फुसांचा विकार होतो. त्याला बगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेतल्या लुइझियाना या उसाच्या राज्यात १९४१ साली त्याची पहिली नोंद झाली. म्हणजे मागावरचा कामगार आणि बगॅस यार्डातला आपला कामगार यांचे दुखणे एकाच जातकुळीचे आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या जागी ताजी हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली, आणि धूळ जिथे उडते तिथूनच ती ओढून घ्यावी असेही सांगितले. त्याखालच्या नियमांत हवेच्या हालचालीचे मापही ठरवून दिले : मिनिटाला किमान ३० मीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. आता हा अर्धा मीटर आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

साधने कोणती?

पहिले साधन धुराचे. उदबत्ती किंवा धुराची नळी धरली की हवा कुठून कुठे जाते ते लगेच दिसते. वेग कळत नाही, दिशा कळते. मात्र बगॅस, सूत किंवा साखरेची धूळ असेल तिथे पेटती उदबत्ती नेऊ नये. तिथे हलका दोरा धरावा.

दुसरे साधन पंखीचा वातवेगमापक. तळहाताएवढ्या कड्यात हलकी पाती असतात. वारा लागला की ती फिरतात आणि तबकडीवर वेग दिसतो. खाणींत, गिरण्यांत हे साधन फार वर्षे वापरात आहे. जाळीच्या किंवा पंख्याच्या तोंडाशी मोजायला ते सोयीचे. पण वारा फारच मंद असला तर पाती जागची हलतच नाहीत.

मंद वाऱ्यासाठी तिसरे साधन, तापलेल्या तारेचे. एक बारीक तार विजेने तापवलेली असते. हवा जितकी वेगाने जाईल तितकी तार निवते आणि त्यावरून वेग काढला जातो. आपण गरम चहा बशीत ओतून फुंकर मारतो, त्यातलेच हे तत्त्व. १९१६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लिओनार्ड हिल यांनी याच तत्त्वावर काटा तापमापक बनवला होता. त्याचा फुगा गरम पाण्यात तापवून, पुसून, ३८ अंशांवरून ३५ अंशांवर यायला किती सेकंद लागतात ते मोजत. माणसाच्या अंगाला गारवा किती मिळतो याचा तो अंदाज देई.

चौथे साधन पिटो नळी. फ्रान्सच्या आंरी पिटो यांनी १७३२ साली सीन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला ती वापरली. नळीचे एक तोंड प्रवाहासमोर असते, दुसरी बारीक छिद्रे बाजूला असतात. दोन्हींच्या दाबातला फरक पाणी भरलेल्या यू आकाराच्या काचनळीत दिसतो. साध्या हवेसाठी हिशेब सोपा आहे. फरक १ मिलिमीटर असेल तर वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर, आणि ४ मिलिमीटर असेल तर ८ मीटर. फरक चौपट झाला की वेग दुप्पट होतो. पण सेकंदाला अर्धा मीटर वेगाला हा फरक मिलिमीटरच्या साठाव्या भागाहून कमी पडतो, तो डोळ्यांना काय दिसणार? म्हणून पिटो नळी डक्टसाठी, पंखी तोंडाशी मोजण्यासाठी आणि तापलेली तार कामगार उभा राहतो त्या जागेसाठी. सोने तोलायचा तराजू उसाच्या गाडीला चालत नाही, तसेच हे.

मोजायचे कुठे आणि हिशेब कसा?

कालव्याचे पाणी मध्ये जोरात आणि काठाला संथ वाहते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. डक्टमधली हवाही तशीच वाहते. मधोमध एकदाच मोजले तर आकडा फुगतो. म्हणून डक्टच्या तोंडाचे सारखे भाग पाडून प्रत्येक भागात मोजावे आणि सरासरी काढावी. वळणाजवळ मोजू नये. वळणानंतर डक्टच्या व्यासाच्या सात-आठ पट सरळ अंतर सोडलेले बरे.

आता हिशेब. समजा, ६० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्यातून सरासरी ५ मीटर वेगाने हवा जाते. तोंडाचे क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर, त्याला ५ ने गुणले की सेकंदाला १.४१ घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे ५,१०० घनमीटर. गाळा २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ४ मीटर उंच, म्हणजे ८०० घनमीटरचा असेल तर तासाला सहा वेळा हवा बदलते. जाळीत धूळ साचून वेग २ मीटरवर आला तर हवा जेमतेम अडीच वेळाच बदलेल. पंखा मात्र पहिल्यासारखाच घोंगावत राहील. बघणाऱ्याला वाटेल, सगळे ठीक आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या पंपाच्या अनुभवातली. तीन फेजपैकी दोन तारा उलटसुलट लागल्या तर मोटर उलटी फिरते, पंप चालतो पण पाणी कमी पडते. बॉयलरच्या मोठ्या पंख्याचेही तसेच होते. हवेची दिशा तीच राहते, हवा घटते. मोजल्याशिवाय ते कळत नाही.

बॉयलर आणि ऊसदर

बॉयलरला हवा कमी पडली तर बगॅस अर्धवट जळते आणि चिमणीतून काळा धूर निघतो. हवा जास्त झाली तर पैसे देऊन निर्माण केलेली उष्णता चिमणीवाटे आकाशात जाते. म्हणून तिथे ड्राफ्ट गेज, हवेचा प्रवाह दाखवणारी साधने आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा मापक यांच्याकडे लक्ष हवे. गरम धूर हवेपेक्षा हलका असतो, म्हणून वरचा १ मिलिमीटरला ४ मीटरचा हिशेब धुराला जसाच्या तसा लावू नये. पंख्याचा वेग गरजेपुरता ठेवण्यातही फायदा आहे. फेरे २० टक्क्यांनी कमी केले तर हवा २० टक्क्यांनी घटते, पण पंख्याला लागणारी वीज जवळजवळ निम्म्यावर येते. वाचलेली बगॅस आणि वाचलेली वीज शेवटी आपल्याच हिशेबात जमा होते.

टाकी, हौद आणि विहीर

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. मळीची टाकी, सांडपाण्याचा हौद, गोबरगॅसचा खड्डा, जुनी विहीर या जागा फसव्या असतात. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची आपली जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे बरोबर. पण विझला नाही म्हणून धोका नाही, असे मुळीच नाही. विषारी वायूने कंदील विझतोच असे नाही, आणि जळणारा वायू असेल तर त्याच कंदिलाने भडका उडतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू जास्त झाला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. एक माणूस आत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशाने एकाच घरातली दोन-दोन माणसे जातात.

इथे हवेचा वेग मोजून भागत नाही. वायुमापकाने ऑक्सिजन आणि विषारी वायू दोन्ही तपासावे लागतात. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली असेल तर आत पाऊल टाकू नये. उतरण्याआधी पंख्याने ताजी हवा तळापर्यंत पोचवावी, कमरेला दोर बांधावा आणि वर माणूस उभा ठेवावा. आतला माणूस कोसळला तर वरच्याने त्याच्या मागे उडी घेऊ नये, दोराने ओढावे आणि मदत बोलवावी.

हंगामाआधी आपण गव्हाण, मिल आणि काटा तपासतो. त्या यादीत हवेचीही एक ओळ घालावी : प्रत्येक पंख्याची हवा मोजली, आकडा लिहिला, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिला. आपल्या घरची मुले भिवंडीत मागावर असोत की इथे बॉयलरवर, त्यांनीही मालकाला, फोरमनला हा आकडा विचारावा. काट्यावरचे वजन विचारायला आपण लाजत नाही, मग श्वासाचे माप विचारायला का लाजावे?