बायोडिझेल: धुराआधी जमीन बघा

उसापासून बायोडिझेल बनतं, असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. साखर कारखान्यात तयार होतं ते इथेनॉल, आणि ते जातं पेट्रोलमध्ये. बायोडिझेल बनतं तेलापासून किंवा चरबीपासून, आणि ते मिसळतात डिझेलमध्ये.

घाण्याचं तेल गाळून टाकीत ओतलं की झालं, हा समज मात्र खिशाला चाट लावतो. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं, हे खरं. पण कच्चं तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असतं. आजच्या इंजिनाचे इंजेक्टर त्याने तुंबतात. म्हणून कॉस्टिक सोड्यासारखा उत्प्रेरक घालून तेलाची मिथेनॉलशी प्रक्रिया करतात. १०० किलो तेल आणि साधारण १० किलो मिथेनॉल घेतलं, तर सुमारे १०० किलो बायोडिझेल मिळतं आणि १० किलो ग्लिसरीन. हे मिथेनॉल बहुतेक वेळा नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून आलेलं असतं. तेव्हा ‘शंभर टक्के शेतातलं’ ही जाहिरातीची भाषा झाली.

इंजिन खराब होतं का? पाच टक्के मिश्रणाने नाही. निव्वळ बायोडिझेल जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना सोसत नाही, टाकीतला साचलेला गाळ सुटून सुरुवातीला फिल्टरही चोंदतो. शिवाय लिटरमागे ऊर्जा सुमारे आठ टक्के कमी. धुरात काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड नक्कीच घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र किंचित वाढू शकतात.

पण सगळा हिशेब धुरावरच मांडणं, हाच मला सर्वांत मोठा गैरसमज वाटतो. इंडोनेशियात पामच्या लागवडीसाठी दलदलीची जंगलं तोडली, पाण्याचा निचरा केला, आणि तिथल्या मातीत हजारो वर्षं साठलेला कार्बन हवेत गेला. त्या तेलाचं इंधन कितीही कमी धूर सोडो, स्वच्छ कसं म्हणायचं?

आपल्याकडे मोगली एरंडाची गोष्ट वेगळी. पडीक माळावर हे झाड जगतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून २००३ पासून सरकारी पातळीवर त्याचा मोठा गाजावाजा झाला. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं. झाड जगलं, बी धरलं नाही. पाणी आणि खत नसेल तर उतारा मिळेना, फळं एकदम पिकत नसल्याने तोडणीची मजुरी वाढली, आणि पेंड विषारी, त्यामुळे जनावरांपुढे टाकायचीही सोय नाही. २०१८ च्या धोरणात उद्दिष्ट उतरलं पाच टक्क्यांवर, तेही २०३० पर्यंत.

मग सोयाबीन? एकरी पाच क्विंटल आणि १८ टक्के तेल धरा: जेमतेम १०० लिटर. तासाला पाच लिटर पिणारा ट्रॅक्टर ते २० तासांत संपवेल. आणि निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण आयातच करतो.

त्यापेक्षा वडे-भजी तळून काळं पडलेलं तेल बरं. त्याला वेगळी जमीन लागत नाही. तळणातल्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांपुढे गेली की ते खाण्यासाठी वापरायला बंदी आहे, आणि असं तेल बायोडिझेलकडे वळवण्याची योजना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली. अडचण आहे ती ते गोळा करण्याची: मोठी हॉटेलं डबे भरून देतात, कोपऱ्यावरची गाडी उरलेल्या तेलातच दुसऱ्या दिवशीचं ताजं ओतते.