सेंट्रल लॉक बिघडलं की आधी काय तपासायचं?

रिमोट दाबला, तीन दारं बंद झाली, चौथं तसंच राहिलं. गाडी वायरिंगवाल्याकडे गेली की बऱ्याचदा ठरलेलं उत्तर मिळतं: "सेंट्रल लॉक गेलंय, अख्खा सेट बदलावा लागेल." कधी त्याहून महाग निदान होतं, 'कंट्रोल मॉड्यूल उडालंय.' खरं तर रिमोट, मॉड्यूल, फ्यूज, रिले, दारात जाणाऱ्या वायरी, प्रत्येक दारातली मोटर आणि शेवटी लोखंडी लॅच अशी ही साखळी असते. त्यातली कुठली कडी तुटली, हे गाडी स्वतःच बऱ्यापैकी सांगते. ते ऐकण्याआधी पैसे खर्च करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

एकच दार चालत नसेल, तर मॉड्यूल, रिमोट आणि बहुतेक वेळा फ्यूजसुद्धा निर्दोष असतो, कारण ते सगळ्या दारांना सामाईक असतात. दोष त्या दाराच्या वायरीत, मोटरीत किंवा लॅचमध्ये शोधायचा. चारही दारं एकदम बंद पडली, तर फ्यूजपासून सुरुवात करायची. रिमोटने काही होत नाही, पण ड्रायव्हरच्या दारावरचं बटण दाबलं की सगळी दारं लागतात? मग वायरिंगला हात लावायचं कारणच नाही, रिमोटचा सेल बदलून बघा. चारही मोटरी मरगळल्यासारख्या हलत असतील, तर गाडीची बॅटरी किंवा अर्थिंग तपासा.

सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे दार आणि बॉडी यांच्यामधली रबरी नळी. दार उघडलं की बिजागरीजवळ ती दिसते. लॉक, काच, स्पीकर, आरसा यांच्या वायरी तिच्यातूनच जातात आणि दार उघडताना-मिटताना दर वेळी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते, पण वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं, म्हणून नुसतं पाहून काहीच कळत नाही. ड्रायव्हरचं दार सर्वाधिक वापरात असल्यामुळे हा बिघाड तिथे आधी दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. दार अर्धवट उघडं ठेवून हळूहळू हलवा आणि कोणाला तरी लॉकचं बटण दाबायला सांगा. एखाद्या ठरावीक कोनातच लॉक चालत असेल, किंवा लॉकबरोबर त्याच दाराची काचही रुसली असेल, तर नळी सरकवून एकेक वायर हलकेच ओढून बघा. तुटलेली वायर रबरासारखी लांबते.

इथे दुरुस्तीतही एक चूक सर्रास होते. तुटलेली टोकं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली जाते. उन्हाने दार तापलं की ती सुटते. नळीच्या आतच सोल्डर केलं, तर जोड कडक होतो आणि त्याच्या शेजारी वायर पुन्हा तुटते. त्याच जाडीच्या लवचिक वायरीचा तुकडा घालून दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या भागात घ्यावेत आणि त्यांवर हीट-श्रिंक चढवावी. वायरीचं आवरण झिजून ती बॉडीला टेकत असेल, तर फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज घालणं धोक्याचं आहे; फ्यूज टिकेल आणि वायर जळेल.

"मीटरवर 12 व्होल्ट आले, म्हणजे वायर ठीक, मोटर गेली" हा निष्कर्षही घाईचा. वायरीत एकच धागा शिल्लक असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतं. मोटरीने करंट ओढला की ते कोसळतं. म्हणून मोटरीच्या कपलरवर टेस्ट लॅम्प लावून बटण दाबावं. लॉकचा झटका सेकंदाहूनही कमी वेळ येतो. दिवा तेवढ्यापुरता लख्ख पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर नाही. मात्र पिवळ्या कपलरला किंवा एअरबॅगच्या वायरीला टेस्ट लॅम्प कधीच लावू नये.

मोटरीचंही तसंच. साध्या दोन वायरींच्या मोटरीत, ज्याला गॅरेजमध्ये 'गन' म्हणतात, करंटची दिशा उलटली की लॉकचं अनलॉक होतं. वायरी त्याच असतात. त्यामुळे लॉक लागतं पण उघडत नाही, असं होत असेल, तर वायर पूर्ण तुटलेली नाही. रिले, स्विच किंवा अडकणारी दांडी तपासा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दांडी हलत नाही, तेव्हा बहुधा आतले प्लॅस्टिकचे दाते झिजलेले असतात. सतत बटण दाबून बघितल्यावर लॉक बंद पडलं, तर थोडा वेळ थांबा. अनेक मोटरींत जास्त तापल्यावर करंट रोखणारा भाग असतो. तो थंड झाला की काम सुरू होतं.

पावसाळ्यात दारात पाणी शिरणं हा बिघाड नाही. काचेच्या कडेने पाणी आत येणारच, म्हणून दाराच्या तळाशी भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की दारात पाणी साचतं. पॅडच्या मागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून टाकणारे कारागीर आहेत. तो कागद पाणी अडवायला असतो, तो नीट चिकटवून घ्या. लॅच घट्ट झालं असेल, तर पातळ स्प्रेने मळ सुटतो, पण वंगण म्हणून तो टिकत नाही. साफ केल्यावर पांढरं लिथियम ग्रीस लावावं.

बाकीचे काही समज लवकर निकालात निघतात. रिमोटचा आवाज मोबाइलवरून ऐकवून दूरची गाडी उघडता येत नाही, कारण रिमोट रेडिओलहरी पाठवतो. लॉक लागून लगेच उघडत असेल, तर बहुधा एखादं दार किंवा डिकी नीट न मिटल्याचा संदेश जात असतो. आणि मागचं दार फक्त आतून उघडत नसेल, तर आधी त्याच्या कडेचं चाइल्ड लॉक बघा.

पुरात गाडीत अडकण्याच्या भीतीबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत गाड्यांत अडकून माणसं दगावली. तेव्हापासून पुरात दार न उघडण्याचा सगळा दोष सेंट्रल लॉकवर येतो. पण बाहेरच्या पाण्याचा दाबही तितकाच निर्णायक असतो: एक मीटर रुंद दारावर अर्धा मीटर पाणी चढलं, तरी त्याचा भार सव्वाशे किलोच्या आसपास होतो. लॉक उघडं असलं तरी दार सहज हलणार नाही. म्हणून पाणी चढू लागताच पट्टा सोडून काच खाली करायची, वीज चालू आहे तोवरच. बहुतेक गाड्यांत पुढच्या दाराचं आतलं हँडल विजेशिवाय चालतं, पण कुलूप एका ओढीत उघडतं की दोन ओढींत, हे गाडीगणिक वेगळं असतं. ते आजच बघून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दाखवा. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली बाहेर काढून ती दाराच्या कुलपात फिरते का, तेही तपासा. रोज रिमोट वापरणाऱ्यांच्या गाडीत ते कुलूप अनेकदा गंजून बसलेलं असतं, आणि गाडीची बॅटरी उतरेल त्या दिवशी आत शिरायला तोच एक मार्ग असेल.