चांदीचे घातक सोबती

हुपरीच्या पैंजणातली चांदी शरीराला फारशी बाधत नाही. वर्षानुवर्षे चांदीचे कण श्वासातून किंवा पोटात जात राहिले, तर कातडी निळसर-करडी पडते आणि सहसा पुन्हा मूळ रंगावर येत नाही. पण त्याने कोणी सहसा दगावत नाही. अंगावर घालायला तर ती निर्धोकच. भीती आहे ती चांदीच्या सोबत्यांची, आणि ही सोबत थेट खाणीपासूनची आहे.

निसर्गात शुद्ध चांदी क्वचितच मिळते. भारतात निघणारी बहुतेक चांदी राजस्थानातल्या शिसे-जस्ताच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून येते. तिथल्या दरिबा आणि आगुचा या ठिकाणी दोन हजार वर्षांहून जुन्या खोदकामाच्या खुणा आहेत. चांदी वेगळी करण्याची जुनी रीत अशी: चांदीमिश्रित शिसे भट्टीत तापवायचे आणि वरून हवा फुंकायची. शिशाचे भस्म होऊन ते बाजूला निघते आणि चांदीचा गोळा उरतो. तो हाती येईपर्यंत भात्याजवळच्या माणसाच्या छातीत शिशाची वाफ गेलेली असते. पोटात मुरडा, रक्त कमी होणे, मनगट लुळे पडणे ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत.

धातूचे विष किती काळ टिकते, ते जॉर्डनच्या वाळवंटातल्या फैनान खोऱ्यात दिसते. तिथे तांब्याच्या खाणी होत्या आणि रोमन काळात शिक्षा झालेल्यांना तिथे राबायला धाडत. त्या परिसरातल्या जुन्या थडग्यांमधील हाडांत संशोधकांना तांबे आणि शिसे वाढलेले आढळले. भट्ट्या विझून शतके लोटली, तरी धातुमळीच्या ढिगांभोवतीच्या मातीतून हे धातू आजही झुडपांत उतरतात आणि तिथून शेळ्यांच्या शरीरात जातात.

हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत खाण नाही. खाण हजार किलोमीटर दूर आहे. पण चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जोडणे, झाळणे, पॉलिश करणे ही कामे लहान कारखान्यांत आणि घराघरांत चालतात आणि इथे चांदीला नवे सोबती मिळतात. त्यांतला सर्वांत कपटी कॅडमियम. सोन्यातल्या ‘केडीएम’ या नावामागे हाच धातू आहे. झाळेत तो मिसळला की झाळ कमी आचेवर वितळते आणि सांधा सफाईदार बसतो, म्हणून कारागिराला ती आवडते. गणित मात्र साधे आहे. चांदी वितळते सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला, कॅडमियम उकळते ७६७ अंशांना. म्हणजे जुने दागिने आटवायला घेतले, तर मुशीतली चांदी पातळ होण्याआधीच जुन्या झाळेतले कॅडमियम हवेत गेलेले असते. कॅडमियमविरहित झाळ आता मिळते, ती वापरणे उत्तम. पण मोडीत आलेल्या पैंजणात आधीच्या कारागिराने काय घातले होते, हे कोण सांगणार?

ही वाफ नाकातोंडात गेली तरी लगेच फारसे काही होत नाही. काही तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू होतो आणि तो ‘व्हायरल’ म्हणून अंगावर काढला जातो. जास्त वाफ गेली असेल तर फुफ्फुसाला जीवघेणी सूज येते. थोडी थोडी रोज जात राहिली तर ती मूत्रपिंडात साठते आणि एकदा साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाही दहा ते तीस वर्षे लागतात. जपानमध्ये कामिओका खाणीतले कॅडमियम जिन्झू नदीतून भातशेतीत उतरले, तेव्हा मूत्रपिंडे निकामी होऊन बायकांची हाडे साध्या हालचालीनेही मोडू लागली. त्या रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा रोग असल्याचे मान्य केले.

दुसरा सोबती तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक ॲसिडचा तपकिरी धूर. तो घशाला फारसा झोंबत नाही, हीच त्याची खोड. माणूस काम संपवून जेवून झोपतो आणि मध्यरात्रीनंतर त्याच्या फुफ्फुसात पाणी भरू लागते. असा धूर श्वासात गेला असेल तर बरे वाटत असले तरी एक दिवस दवाखान्यात देखरेखीखाली राहावे. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. छताचा पंखा तर ती घरभर पसरवतो. वाफ जिथे निघते तिथूनच ती ओढून बाहेर टाकणारा पंखा हवा. आणि मूस स्वयंपाकघरापासून दूर हवी, कारण पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेते.

मूत्रपिंडाची इजा सुरुवातीला नेहमीच्या तपासण्यांत सापडत नाही. लघवीत बुडवायची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते. कॅडमियममुळे आधी झिरपतात ती त्याहून लहान प्रथिने. रक्तातले क्रिएटिनिन तर बरेच नुकसान झाल्यावर वाढते. त्यासाठी लघवीतल्या बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनची आणि कॅडमियमची तपासणी मुद्दाम सांगावी लागते. ती सुचण्यासाठी डॉक्टरला रुग्णाचे काम ठाऊक हवे. घरी बसून दिवसभर कड्या झाळणाऱ्या बाईच्या केसपेपरवर मात्र व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ एवढेच लिहिलेले असते.