स्पर्श कळतो म्हणजे काय कळतं?

१८८० साली जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं, की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो. पण स्फटिक ठिसूळ. तो मनगटाबरोबर वाकणार कसा? १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांना हा गुण पीव्हीडीएफ या लवचिक प्लास्टिकमध्ये ठळकपणे आढळला. त्याची पातळ फिल्म नाडीचा ठोकाही टिपते.

आता गंमत बघा. दाब बदलला तरच भार उमटतो. दाब तसाच राहिला की तो झिरपून जातो. आपणही हातातलं घड्याळ विसरतोच ना! पण मधुमेहानं बधिर झालेल्या पावलात घट्ट बूट तासन्‌तास रुतत असेल तर? तिथे स्थिर दाब मोजणारा दुसरा सेन्सरही हवा. बदल कळणं वेगळं, असणं कळणं वेगळं. आपण दोन्ही मागायला हवं.