ताप उतरला आणि पुरळ उठले

तीन दिवस बाळाच्या अंगात १०३-१०४ अंश ताप असतो. चौथ्या दिवशी सकाळी अंग गार लागते, घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि दुपारी न्हाऊ घालताना छातीवर व पाठीवर गुलाबी ठिपके दिसतात. आजी म्हणतात, "गोवर आला." काकू म्हणतात, "कालचे औषध बाधले." पेढीवरून वडील फोनवर विचारतात, "मग ते औषध बंद करायचे का?"

पुष्कळदा हे दोन्ही तर्क चुकीचे असतात. हा आजार रोझिओला. आईकडून मिळालेले संरक्षण सहा महिन्यांनंतर ओसरू लागते. तेव्हापासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांत तो विशेष आढळतो. १९८६ साली सापडलेला एक विषाणू त्याचे मुख्य कारण आहे, हे १९८८ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले. तो लाळेतून पसरतो, बहुधा घरातील धडधाकट मोठ्या माणसांकडूनच. बाधा झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण नऊ-दहा दिवस जातात. तेव्हा कालपरवा माहेरी जाऊन आलेल्या सूनबाईंना बोल लावण्यात अर्थ नाही.

खरी खूण क्रमात आहे. गोवरात ताप चढलेला असतानाच पुरळ चेहऱ्यावरून व कानामागून खाली पसरते. खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे सोबतीला असतात. रोझिओलात ताप आधी जातो, पुरळ मागाहून येते, सहसा खाजत नाही आणि एक-दोन दिवसांत मावळते.

घोटाळा होतो तो औषधाचा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तरीही तिसऱ्या दिवशी घरची मंडळी धीर सोडतात आणि ते सुरू होते. दुसऱ्या दिवशी पुरळ उठते व फाइलवर 'पेनिसिलिनची अॅलर्जी' अशी नोंद पडते. खतावणीत चुकीची रक्कम चढली की पुढचे सारे हिशेब तिच्यावरच चालतात, तसे मग वर्षानुवर्षे साधे, गुणकारी औषध टाळले जाते. अर्थात खरी अॅलर्जीही असते. ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या वा श्वास लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. निर्णय डॉक्टरांचाच.

तापात वजनानुसार सांगितलेले पॅरासिटामॉल, वारंवार दूध-पाणी आणि हलके कपडे पुरेसे होतात. अॅस्पिरिन देऊ नये. काही मुलांना तापात झटका येतो. तेव्हा बाळाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, चप्पल तर मुळीच हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर विलंब नको. थांबला तरी डॉक्टरांना दाखवावेच. बाळ मलूल पडले किंवा दूध सोडले, तरीही तसेच.

एका कागदावर तीन तारखा लिहून ठेवाव्यात: ताप आला ती, औषध सुरू झाले ती आणि पुरळ उठले ती. पुरळाचा फोटोही काढावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते अनेकदा मावळलेले असते.